अर्ज दिलेले उमेदवार उत्तर देत नाहीत, तेव्हा दोष नेमका कुठे शोधावा

जागा तातडीने भरायची असते, अर्जांची फाइल समोर असते आणि तरीही फोन लावला की तो नुसता वाजत राहतो. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या निरोपाला उत्तर येत नाही, आणि ज्यांनी "येतो की साहेब" असे स्वच्छ सांगितलेले असते त्यांच्यातलेही बरेच जण मुलाखतीच्या दिवशी फिरकत नाहीत. सांगली, मिरज, कुपवाड या पट्ट्यात कारखान्याची, दुकानाची किंवा दवाखान्याची भरती पाहणाऱ्या कोणालाही हा अनुभव नवा नाही. मी स्वतः कुपवाड एमआयडीसीतील एका मध्यम आकाराच्या मशिनिंगच्या कारखान्यात चौदा वर्षे हे काम पाहतो आहे आणि "हल्लीच्या पोरांना कामच नको आहे" हे वाक्य मीही पुष्कळदा उच्चारले आहे. आता ते मला चुकीचे वाटते. जो मुलगा गावाकडून एसटीने आला, झेरॉक्सला पैसे घालून गेटवर उन्हात उभा राहिला आणि अर्ज भरून परत गेला, त्याला काम नको होते असे ठरवण्याआधी आपला निरोप त्याच्यापर्यंत पोहोचला का, पोहोचला असल्यास तो कोणाचा आहे हे त्याला कळले का, आणि कळल्यावर उत्तर द्यायला त्याला काही वाट होती का, एवढे तरी आपण तपासले पाहिजे. मशीन सुरू झाले नाही तर आपण आधी सप्लाय पाहतो, मग फ्यूज, मग पुढचे. इथेही तोच क्रम लावावा, असे माझे सांगणे आहे.

"नो रिस्पॉन्स" या शेऱ्याची फोड

बहुतेक ठिकाणी भरतीच्या रजिस्टरमध्ये नावापुढे "नो रिस्पॉन्स" एवढाच शेरा असतो आणि त्या दोन शब्दांखाली चार-पाच निरनिराळ्या अडचणी दडलेल्या असतात. फोन वाजला पण उचलला नाही, फोन बंद होता, क्रमांक अस्तित्वातच नाही असे ऐकू आले, इनकमिंग बंद असल्याचे सांगितले गेले, किंवा दुसऱ्याच कोणी उचलला, यांतील प्रत्येक गोष्टीचे कारण वेगळे आहे आणि उपायही वेगळा आहे. इनकमिंग बंद असणाऱ्या मुलाचा रिचार्ज बहुधा संपलेला असतो. नोकरी शोधणाऱ्याच्या खिशात महिनाअखेरीला अठ्ठावीस दिवसांच्या रिचार्जचे पैसे नसणे यात नवल काहीच नाही, आणि त्याला चार-आठ दिवसांनी पुन्हा फोन केला तर तो लागतो. म्हणून फोन करणाऱ्याने तारीख, वेळ आणि समोरून नेमके काय ऐकू आले हे तीन रकान्यांत लिहावे. महिनाभर ही नोंद नीट ठेवली की आपला दोष कोणत्या टप्प्यावर आहे ते रजिस्टरच सांगू लागते.

क्रमांक चुकीचा उतरला असेल तर

आमच्याकडे अजूनही बरेच अर्ज हाताने भरले जातात आणि मराठी माध्यमात शिकलेली मुले त्यात देवनागरी अंक लिहितात. अर्ज संगणकात चढवणारा घाईत असला की देवनागरी १ हा त्याला इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि देवनागरी ४ हा इंग्रजी आठसारखा. एकाच क्रमांकात दोन्ही पद्धतींचे अंक मिसळलेले असतील तर गोंधळ आणखी वाढतो. आपल्याकडचा मोबाइल क्रमांक ६, ७, ८ किंवा ९ यांनीच सुरू होत असल्यामुळे पहिल्या अंकाची चूक बहुधा पकडली जाते, पण मधला अंक चुकला तर फोन बिनचूक लागतो आणि भलत्याच माणसाला लागतो.

बेडगच्या बाजूच्या एका फिटरला मी असाच सलग तीन दिवस फोन करत होतो. प्रत्येक वेळी एक म्हातारी बाई उचलायच्या आणि "इथं कोण न्हाई ओ त्या नावाचं" असे सांगून ठेवून द्यायच्या. तिसऱ्या दिवशी मी मूळ कागद काढून पाहिला, तेव्हा सहाव्या जागी त्या मुलाने स्पष्ट देवनागरी एक लिहिलेला होता, वर गोल आणि खाली वळवलेली शेपटी, आणि आमच्या यादीत तिथे नऊ उतरला होता. योग्य क्रमांक लावल्यावर पहिल्याच रिंगला त्याने फोन उचलला. तो आठवडाभर आमच्याच फोनची वाट पाहत होता.

ऑनलाइन आलेल्या अर्जांत हीच अडचण वेगळ्या रूपात येते. अनेक उमेदवार अर्ज स्वतः भरत नाहीत. गावातील नेट कॅफेत किंवा महा ई-सेवा केंद्रात भरून घेतात, आणि ईमेलचा रकाना आला की तिथला मुलगा आपल्या दुकानाचाच ईमेल टाकून मोकळा होतो. कधी मोबाइलही त्याचाच असतो, कारण ओटीपी त्याला लगेच हवा असतो. आपण त्या पत्त्यावर तीन पत्रे पाठवली तरी उमेदवाराला त्यांचा पत्ताही लागत नाही. एकाच ईमेलवरून पाच-सहा वेगवेगळ्या नावांचे अर्ज आलेले दिसले की तो ईमेल दुकानाचा आहे असे समजावे आणि बायोडाटाच्या आत लिहिलेला क्रमांक वापरावा.

सर्वांत मोठा उपाय: अर्ज घेतानाच रिंग द्या

मला एकच उपाय सांगायला सांगितला तर मी हा सांगेन. उमेदवार अर्ज देऊन समोर उभा असतानाच ज्या मोबाइलवरून पुढे त्याला फोन जाणार आहे त्याच मोबाइलवरून त्याला तिथल्या तिथे एक रिंग द्यावी, आणि "हा नंबर कंपनीच्या नावाने सेव्ह करा, पुढचा फोन याच नंबरवरून येईल" असे सांगून तो सेव्ह होईपर्यंत थांबावे. याला अर्धा मिनिट लागतो. त्या अर्ध्या मिनिटात उतरलेला क्रमांक बरोबर आहे हे कळते, तो फोन उमेदवाराच्या स्वतःच्या खिशात वाजतो की घरी वडिलांकडे वाजतो हेही कळते, आणि पुढे फोन आला की त्याच्या पडद्यावर अनोळखी दहा आकड्यांऐवजी कंपनीचे नाव दिसते.

या शेवटच्या गोष्टीचे मोल मोठे आहे. अनोळखी क्रमांक म्हणजे कर्ज विकणारा, वसुलीवाला किंवा फसवणारा, अशी लोकांची समजूत झाली आहे आणि ती उगाच झालेली नाही. एअरटेलने सप्टेंबर २०२४ पासून संशयास्पद कॉलवर तशी सूचना दाखवण्याची सोय सुरू केली आणि त्यात कॉल किती वेळा होतात, किती वेळ चालतात अशा गोष्टी पाहिल्या जातात. आपण एका दुपारी चाळीस जणांना लागोपाठ अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे फोन केले तर आपलाही क्रमांक तशा वर्गात जाण्याची शक्यता राहते. ट्रूकॉलर या ॲपवर तर लोकांनी दिलेले नाव आणि शेरा दिसतो. आम्ही भरतीसाठी नवे सिमकार्ड घेतले, तेव्हा आठ-दहा दिवस कोणी फोन उचलेना. शेवटी एका सहकाऱ्याच्या मोबाइलवर रिंग देऊन पाहिली, तर पडद्यावर आधीच्या मालकाचे नाव आणि त्यापुढे "लोन रिकव्हरी" असे आले. तो क्रमांक पूर्वी कोणाकडे तरी होता आणि त्याची कीर्ती आमच्या वाट्याला आली होती. तेव्हापासून मी दर महिन्याला दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिम असलेल्या फोनवर आपल्याच क्रमांकाची रिंग देऊन काय दिसते ते पाहतो.

संदेश कुठे अडतो

"सगळ्यांना व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट टाकला, एकाचेही उत्तर नाही" अशी तक्रार मला इतर कारखान्यांतील मित्रांकडून वारंवार ऐकायला मिळते. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीचा नियमच असा आहे, की ज्याने आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलेला आहे त्यालाच तो संदेश पोहोचतो. उमेदवाराने आपला क्रमांक सेव्ह केलेला नसेल तर संदेश त्याच्यापर्यंत गेलेलाच नसतो. म्हणून एक तर वरचा रिंगचा उपाय करावा, नाही तर प्रत्येकाला वेगळा संदेश पाठवावा. उमेदवारांचा ग्रुप मात्र कधीही करू नये. ग्रुपमध्ये सर्वांचे क्रमांक सर्वांना दिसतात, मुलींना त्याचा त्रास होतो, आणि आधीच कुठे तरी कामावर असलेल्या माणसाचा अर्ज त्याच ग्रुपमधील ओळखीच्या माणसाकडून त्याच्या साहेबांपर्यंत पोहोचू शकतो. व्हॉट्सॲपवरून थेट कॉलही शक्यतो करू नये, कारण अनोळखी क्रमांकांचे कॉल गप्प करण्याची सोय तिथे २०२३ पासून आहे आणि ती सुरू असलेल्या फोनची घंटीच वाजत नाही.

साध्या एसएमएसला मी अजूनही महत्त्व देतो, कारण डेटा संपलेल्या फोनवरही तो येतो. इथे एक बारीक गोष्ट पाहावी लागते. रोमन लिपीतील एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे बसतात. देवनागरीत लिहिला तर एका तुकड्यात ७० च बसतात, आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. "आपणांस कळविण्यात येते की आमच्या नामांकित कंपनीमध्ये" एवढ्यातच बरीचशी जागा संपते आणि मुद्दा पुढच्या तुकड्यात जातो. मी पाठवतो तो संदेश असा असतो: "सीएनसी ऑपरेटर अर्ज, कुपवाड: मुलाखत गुरुवारी ४ वाजता. येणार? हो/नाही". तो सत्तरच्या आत बसतो आणि बंद पडद्यावरच्या सूचनेत पूर्ण वाचता येतो. उमेदवाराने दहा ठिकाणी अर्ज दिलेले असतात, म्हणून पदाचे नाव आणि गाव अगदी सुरुवातीला यायला हवे. एजन्सीमार्फत एकगठ्ठा संदेश पाठवायचे असतील, तर ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे पाठवणाऱ्याचे नाव आणि मजकुराचा नमुना आधी नोंदवावा लागतो. नोंदणीशिवाय पाठवलेले संदेश अडवले जातात.

ईमेल आमच्या कामात ऑपरेटर, हेल्पर यांच्यासाठी निरुपयोगी आहे, पण डिप्लोमा आणि पदवीधर इंजिनिअर तो पाहतात. त्यांचेही उत्तर येत नसेल, तर स्वतःच्या जीमेलवर एक पत्र पाठवून ते स्पॅममध्ये पडते का ते पाहावे आणि "शो ओरिजिनल" उघडून एसपीएफ व डीकेआयएम (पत्र खरोखर आपल्याच डोमेनवरून गेल्याच्या दोन तांत्रिक खुणा) यांपुढे "पास" आहे का ते तपासावे. जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून पाठवणाऱ्यांची ही ओळखतपासणी कडक केली आहे आणि छोट्या कंपन्यांच्या डोमेनवर ही जुळणी अनेकदा केलेलीच नसते. आपली वेबसाइट सांभाळणाऱ्याला सांगितले तर हे काम तासाभरात होते.

परत आलेला फोन कुठे जातो

या सगळ्यात ज्या दोषाने मी सर्वाधिक उमेदवार गमावले तो आमच्याच इमारतीत होता आणि तो कळायला मला फार वर्षे लागली.

आम्ही फोन करायचो ते ०२३३ ने सुरू होणाऱ्या ऑफिसच्या लँडलाइनवरून. उमेदवार कामावर असायचा, फोन उचलायचा नाही, आणि सुट्टी झाल्यावर परत त्याच क्रमांकावर फोन करायचा, म्हणजे त्याने जे करायला हवे तेच तो करायचा. एकदा संध्याकाळी काही कामासाठी मी टेलिफोन बोर्डाजवळ बसलो होतो. ऑपरेटर ताईंनी एक फोन घेतला, दोन क्षण ऐकले आणि म्हणाल्या, "कोणी केला होता ते आम्हाला कसं कळणार? इथं पुष्कळ एक्स्टेन्शन आहेत." पलीकडून काही विचारले गेले. त्यावर त्या म्हणाल्या, "नाही हो, नाव माहीत असल्याशिवाय जोडता येत नाही," आणि त्यांनी फोन ठेवला. मी सहज विचारले तर त्या म्हणाल्या, की असे फोन रोज येतात. त्यांची यात काहीही चूक नव्हती. त्यांना आम्ही काही सांगितलेलेच नव्हते. मी त्या आठवड्यात "नो रिस्पॉन्स" लिहिलेली नावे पुन्हा पाहिली आणि त्यातल्या किती जणांनी असा फोन केला असेल या विचाराने मला फार वाईट वाटले.

उपाय सोपा आहे. भरतीसाठी एकच मोबाइल ठेवावा, तो दोन माणसांनी पाळीपाळीने सांभाळावा आणि संध्याकाळी साडेसात-आठपर्यंत तो सुरू असावा. लँडलाइन वापरावीच लागली, तर त्या दिवशी फोन केलेल्या उमेदवारांच्या नावांची चिठ्ठी बोर्डावर द्यावी आणि परत आलेल्या फोनवर नाव व सोयीची वेळ लिहून घ्यायला सांगावे. फोन उचलला गेला नाही की लगेच पाठोपाठ एक संदेश टाकावा, म्हणजे मिस्ड कॉल कोणाचा होता हा प्रश्नच उरत नाही.

वेळ

आपण सकाळी अकरा ते एक या वेळेत फोन करतो, कारण ती आपल्या सोयीची वेळ असते. पण जो ऑपरेटर आज दुसऱ्या कारखान्यात सात ते तीनच्या पाळीत उभा आहे त्याचा मोबाइल त्या वेळी लॉकरमध्ये असतो, आणि जो रात्रपाळी करून आला आहे तो झोपलेला असतो. पहिल्या पाळीच्या माणसाला दुपारी साडेतीननंतर, दुसऱ्या पाळीच्या माणसाला सकाळी दहाच्या सुमारास आणि जनरल शिफ्टवाल्याला संध्याकाळी सातनंतर फोन केला तर तो बोलतो. अर्जावरच "कोणत्या वेळी फोन करावा" असा एक रकाना ठेवला तर हा अंदाजही बांधावा लागत नाही.

आपल्या जिल्ह्यात ऋतूही पाहावा लागतो. तासगाव, कवठेमहांकाळ आणि मिरज तालुक्याच्या पूर्व भागात ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की घरचा धडधाकट मुलगा बागेत असतो. जानेवारी ते मार्च द्राक्ष उतरवण्यात आणि बेदाण्याच्या शेडवर जातात. बागेत फवारणीच्या ब्लोअरच्या आवाजात त्याला फोन ऐकू येत नाही आणि घंटी ऐकली तरी औषधाने भरलेल्या हाताने तो उचलता येत नाही. अशा वेळी अंधार पडल्यावर फोन करावा. गणेशोत्सवात पाचव्या दिवशी संस्थानच्या गणपतीचे विसर्जन असते, त्या दिवशी सांगलीत मुलाखत ठेवू नये. आणि पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी चाळीस फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागले, की नदीकाठच्या गावांतील गैरहजर उमेदवारापुढे काहीही शेरा न लिहिता त्याला पुढची तारीख द्यावी.

वेळेबद्दलची सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र दिवसांची आहे. अर्ज आल्यापासून दोन दिवसांत पहिला फोन गेला पाहिजे. तीन आठवड्यांनी फोन केला तर तोवर तो मुलगा चाकणला खोली करून राहिलेला असतो.

फोन घरच्यांनी उचलला तर

दिलेला क्रमांक वडिलांचा, भावाचा किंवा चुलत्यांचा असणे हे आपल्याकडे नेहमीचे आहे. त्यांच्याशी अधिकाराच्या सुरात बोलले, की ते घाबरतात किंवा चिडतात आणि निरोप तिथेच राहतो. "नमस्कार काका, कुपवाडच्या कारखान्यातून बोलतोय, तुमच्या मुलानं कामासाठी अर्ज दिलाय, तो संध्याकाळी किती वाजता भेटेल?" एवढे पुरते. जत तालुक्याच्या कन्नडभाषक गावांत फोन लावताना कन्नड जाणणारा सहकारी बसवला तर निरोप अचूक पोहोचतो. घरातील वडीलधाऱ्यांशी त्यांच्या भाषेत बोलल्याने त्यांचा विश्वासही बसतो.

मुलींच्या बाबतीत फोन शक्यतो महिला सहकाऱ्यानेच करावा. अनोळखी पुरुषाचा आवाज आला आणि घरच्या कोणी तो ऐकला, तर त्या मुलीला उगाच उत्तरे देत बसावे लागते. कंपनीचे नाव, पद आणि परत फोन करायचा क्रमांक सांगून थांबावे. ती कुठे आहे, कधी येते, लग्न झाले का, असले काही विचारू नये. आणि उमेदवार सध्या नोकरीत असेल तर पहिले वाक्य "आत्ता बोलता येईल का?" हेच असावे. शेजारी सुपरवायझर उभा असताना तो "राँग नंबर" म्हणून फोन ठेवतो आणि आपण त्याला काम नको आहे असे ठरवतो.

त्याला आपली भीती वाटत असेल तर

नोकरीच्या नावाखाली रजिस्ट्रेशनचे, युनिफॉर्मचे, ट्रेनिंगचे पैसे मागून फसवण्याचे प्रकार इतके झाले आहेत, की शहाणा मुलगा आधी संशयच घेतो, आणि तो तसा घेतो याचा मला आनंद आहे. आपण त्याचा संशय वाढेल असे काही करत नाही ना, हे पाहावे. कंपनीच्या डोमेनऐवजी कुठल्या तरी जीमेलवरून पत्र पाठवणे, पहिल्याच संदेशात आधार, पॅन आणि पासबुकचे फोटो मागणे, पदाचे नाव न सांगता "तुमचे सिलेक्शन झाले आहे" असे लिहिणे, या तिन्ही गोष्टी फसवणारे करतात, म्हणून आपण त्या करूच नयेत. कागदपत्रे निवड झाल्यावर, समक्ष घ्यावीत. संदेशाच्या शेवटी "आमच्याकडे कोणतीही फी घेतली जात नाही" हे वाक्य आणि कारखान्याचे नकाशावरील ठिकाण द्यावे. कोणी आपल्या कंपनीच्या नावाने पैसे मागत असल्याचे कळले, तर उमेदवाराला सायबर तक्रारीचा १९३० हा क्रमांक सांगावा आणि गेटवर तशी सूचना लावावी.

"येतो" म्हणाला आणि आला नाही

हा भाग मला सर्वांत अवघड वाटतो, कारण यात आपल्या माणसांचा स्वभाव आहे. समोरच्या वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या माणसाला तोंडावर "नाही" म्हणणे आपल्याकडे उद्धटपणाचे मानले जाते. मग मुलगा "बघतो", "सांगतो", "घरी विचारतो" किंवा सरळ "येतो की" असे म्हणतो. त्याच्या मनात तो नकारच असतो. आपण त्याला होकार समजून यादीत धरतो. त्याला खोटारडा ठरवण्यात अर्थ नाही, त्याला मान राखून नाही म्हणण्याची सोय आपण द्यायला हवी. आम्ही आता संदेशात लिहितो: "येणार असल्यास १, दुसरी वेळ हवी असल्यास २, सध्या नोकरी नको असल्यास ३ पाठवा. ३ पाठवले तरी पुढच्या भरतीत आपला विचार होईल." हा तीनचा आकडा घातल्यापासून गप्प बसणारे कितीतरी जण उत्तर देऊ लागले. पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा निःसंकोच तीन पाठवतो, आणि आम्हाला ती जागा दुसऱ्याला त्याच दिवशी देता येते.

नकाराचे दुसरे कारण म्हणजे आपण न सांगितलेली गोष्ट. जाहिरातीत पगार सोळा हजार लिहिलेला असतो आणि उमेदवाराचा प्रश्न असतो, हातात किती? बेसिक आणि डीए बारा हजार धरला तर पीएफचे बारा टक्के म्हणजे १,४४० रुपये, ईएसआयचे (कामगार विम्याचे) पूर्ण सोळा हजारांवर पाऊण टक्का म्हणजे १२० रुपये आणि पुरुष कामगाराचा व्यवसाय कर २०० रुपये कापले जाऊन १४,२४० रुपये हातात येतात. हे त्याला आपल्या तोंडून कळले नाही, तर वडापच्या जीपमध्ये शेजारी बसलेल्या आमच्याच एखाद्या कामगाराकडून कळते, आणि मग आपण काही तरी लपवले असे त्याला वाटते. त्याला फोनवरच चार गोष्टी सांगाव्यात: हातात येणारा पगार, पाळी कोणती, नेमणूक कंपनीच्या पेरोलवर की ठेकेदाराकडे, आणि कंपनीची बस कुठून कुठे आहे. जतहून मिरजेपर्यंत एका बाजूला दोन तासांच्या आसपास लागतात. बस नाही हे आधी कळले तर तो खोलीची सोय पाहील किंवा स्पष्ट नाही म्हणेल, आणि दोन्ही आपल्या उपयोगाचेच आहे.

पाठपुरावा किती करावा, हाही प्रश्न येतो. मी पहिला फोन, लगेच संदेश, दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळेला फोन आणि त्यानंतर "शुक्रवारपर्यंत कळवल्यास जागा राखून ठेवतो" असा शेवटचा संदेश, एवढेच करतो. यापेक्षा जास्त केले तर त्रास दिल्यासारखे होते. त्यानंतर त्या भरतीपुरते नाव बंद करावे, पण काळ्या यादीत टाकू नये. अशा दोन मुलांनी सहा-सहा महिन्यांनी स्वतःहून फोन केला आणि आज ते आमच्या व्हीएमसी मशीनवर काम करतात.

गेटवरची यादी

सगळे जुळून आले, मुलगा ठरलेल्या वेळी आला आणि गेटवर सिक्युरिटीने "आज भरती नाही" म्हणून परत पाठवला, असेही घडते, आणि आपल्या कागदावर तो "मुलाखतीस गैरहजर" राहतो. म्हणून मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी येणाऱ्यांची नावे, वेळ आणि भेटायच्या माणसाचे नाव असलेली यादी गेटच्या केबिनमध्ये द्यावी, पाळी बदलताना ती पुढच्या गार्डकडे गेली आहे का हे फोन करून विचारावे, आणि यादीत नसलेला कोणी आला तरी त्याचे नाव व क्रमांक लिहून घ्यायला सांगावे. आमच्या केबिनमध्ये त्यासाठी एक वेगळी वही दोरीने बांधून ठेवली आहे, आणि रोज संध्याकाळी घरी जाताना मी ती उघडून पाहतो.